चिन्यांची मिरवणूक आणि आमची टाळी

दुसऱ्याचा सण हौसेने पाहावयास जाणे ही सुशिक्षित माणसाच्या उदारतेची खूण आहे, असे एक मत आपल्या समाजात रूढ झाले आहे. ज्याने मोहरमचे ताबूत गच्चीवरून पाहिले, वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत एक मेणबत्ती लावली आणि माझगावच्या चिनी देवळापुढे सिंहाचा नाच पाहून टाळी वाजवली, तो गृहस्थ त्या रात्री समभावाचा मूर्तिमंत पुतळा होऊनच अंथरुणावर पडतो. आमचे म्हणणे असे की, ही खूण फसवी आहे. टाळीइतकी स्वस्त वस्तू जगात दुसरी नाही. ती देताना पदरचे काही जात नाही आणि दिल्यानंतर काही देणे उरले असे वाटत नाही. हे आम्ही दुसऱ्यास शिकवावयाचे म्हणून लिहीत नसून, ही स्वस्त टाळी आम्ही स्वतः वाजवून आलो आहो म्हणून लिहीत आहो.

आम्ही नवापूरचे. आमच्या गावाची बाहेर काही प्रसिद्धी असेल तर ती तेथील रेल्वे-स्थानकामुळे. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली, तेव्हा दोन राज्यांची सीमा आमच्या स्थानकातून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात राहिली आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत गेली. फलाटावर एक बाक असा आहे की त्याचे अर्धे अंग एका राज्यात व अर्धे दुसऱ्यात. उतारू मुद्दाम त्यावर बसून छायाचित्रे काढवून घेतात. आम्हीही पाहुण्यांस तो बाक कौतुकाने दाखवतो. त्या बाकाकडे पुन्हा वळावयाचे आहे. तूर्त एवढे पुरे की, ज्या दिवशीची ही हकीकत आहे त्या दिवशी आम्ही, आमची सौभाग्यवती आणि दहा वर्षांचा पुतण्या असे तिघे त्याच बाकावर बसून सुरतेच्या गाडीची वाट पाहत होतो. सुरतेहून पुढे मुंबई. निमित्त चिनी नववर्षाचे. मुंबईतील आमच्या एका वकील स्नेह्यांनी लिहिले होते, "या एकदा, मुंबईतले चीन दाखवतो." या 'दाखवतो'त काही चुकते आहे, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

डॉकयार्ड रोड स्थानकापासून काही पावलांवर, नवाब टँक रोडवर, 'सी यप कून' नावाचे लहानसे दुमजली देऊळ आहे. ते १९१९ साली उभे राहिले. 'सी यप' म्हणजे चार परगणे. दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातील चार परगण्यांतून जे खलाशी, सुतार व गोदीतील कामकरी मुंबईस आले, त्यांनी आपल्या परगण्यांच्या नावाने हे देऊळ बांधले. वरच्या मजल्यावर क्वान कुंग या देवाची स्थापना आहे. हा देव म्हणजे तिसऱ्या शतकाच्या आरंभी मारला गेलेला एक सेनापती. धन्याला व मित्राला दिलेला शब्द त्याने प्राण जाईपर्यंत पाळला, म्हणून लोकांनी त्याला देवपण दिले. थोडक्यात, तो निष्ठेचा देव आहे. वाचकांनी हा तपशील लक्षात ठेवावा.

संध्याकाळी गल्लीत ढोल घुमू लागला, झांजा वाजू लागल्या आणि तांबड्या-पिवळ्या झुलीचा सिंह नाचत पुढे आला. एकाने मुखवटा धरायचा व दुसऱ्याने वाकून पाठ व्हायचे, अशी दोन माणसांची ती करामत असते. सिंह डोळे मिचकावी, शेपूट हलवी, मध्येच मुलांच्या अंगावर धावून जाई. उदबत्त्यांच्या जाड्या जुड्या धुमसत होत्या; वडील माणसे मुलांच्या हाती तांबडी पाकिटे ठेवत होती. आणि या सर्वांभोवती आम्ही, म्हणजे पाहावयास आलेली मंडळी. देवदर्शनास आलेल्यांपेक्षा आमचीच संख्या मोठी. प्रत्येकाचा हात वर, हातात यंत्र. म्हातारी बाई देवापुढे वाकली की चार यंत्रे तिच्या चेहऱ्यापर्यंत जात. "ड्रॅगन! ड्रॅगन!" असा एकच गलका चालला होता. तो ड्रॅगन नव्हता, सिंह होता. ड्रॅगन लांबलचक असतो आणि त्याला काठ्यांवर उचलून अनेक माणसे नाचवतात, एवढे सांगावयास तेथे कोणास फुरसत नव्हती आणि विचारावयाची कोणास इच्छा नव्हती. आम्हीही टाळ्या वाजवल्या. वकिलसाहेब कृतार्थ मुद्रेने म्हणाले, "पाहिलेत? ही आपली मुंबई. येथे चिन्यालासुद्धा मिरवणूक काढता येते!"

इतक्यात पुतण्याने विचारले, "काका, ही माणसे कोठली?" आमच्याआधी वकिलसाहेबच बोलले, "अरे, चिनी! दुसरी कोठली असणार?" शेजारी एक वृद्ध गृहस्थ उभे होते. नाक-डोळे चिनी, अंगात साधा सदरा. ते मुलाकडे वळून स्वच्छ मराठीत म्हणाले, "बाळ, आम्ही माझगावचे." त्यांच्या स्वरात राग नव्हता. हे वाक्य पुष्कळ वेळा बोलून बोलून गुळगुळीत झालेले असावे, असे मात्र वाटले. वकिलसाहेब हसले; आम्हीही हसलो. गृहस्थ हसले नाहीत. गाडीत परतताना ते वाक्य आमचा पिच्छा सोडीना.

त्याचे कारण आमच्या जिल्ह्यातच आहे. फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास सातपुड्यातील काठी येथे राजवाडी होळी पेटते. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू व वाळके भोपळे, अंगावर रंगाचे ठिपके असे व्रतस्थ भिल्ल तरुण रात्रभर नाचतात. त्यासाठी त्यांनी आधी कित्येक दिवस कडक पथ्ये पाळलेली असतात. अलीकडे पुण्या-मुंबईकडील मंडळी तेथे लोटतात. काही आमच्याच घरी उतरतात, सकाळी चहा पिता पिता 'काय ती लय, काय ते रंग' असे म्हणतात आणि निघून जातात. नाचणाऱ्याचे नाव काय, त्याची बोली कोणती, तो पथ्य कशासाठी पाळतो, हे विचारणारा पाहुणा आम्हास क्वचितच भेटला. सरदार सरोवराच्या प्रकल्पात याच जिल्ह्यातील ३३ गावे पूर्णतः वा अंशतः बुडिताखाली आली, तेव्हा ही लयीची रसिक मंडळी कोठे होती, असा प्रश्न आम्ही मनात अनेकदा केला आहे. आणि खरे सांगावयाचे तर, आम्ही नवापूरचे दुकानदार व मास्तर तरी त्यांच्याहून कितीसे वेगळे? आम्हीही होळीच्या दिवशी टाळी वाजवतो आणि बाजाराच्या दिवशी त्याच माणसाशी तराजू धरून वागतो. माझगावच्या गल्लीत आम्ही केले ते काठीला पाहुणे करतात तेच होते. ज्या वागणुकीने आमचा जीव येथे चिडत असे, ती तेथे आम्ही निमूटपणे, किंबहुना आनंदाने, केली.

माणूस एकदा प्रेक्षणीय ठरला की तो शेजारी राहत नाही. देखाव्याला भूतकाळ नसतो, त्याला दुःख विचारावयाचे नसते आणि तो संपला की त्याच्याशी आपला संबंध संपतो. चिन्यांच्या बाबतीत हे केवळ शिष्टाचाराचे न्यून असते, तर आम्ही त्यासाठी मासिकाची पाने अडवली नसती. परंतु या देखाव्याआड एक अन्याय झाकला गेला आहे, आणि आमची टाळी त्यावरचे झाकण घट्ट करते.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनशी युद्ध सुरू झाले व नोव्हेंबरात थांबले. एका महिन्याचा तो संग्राम. त्याच सुमारास परकीयांविषयीच्या कायद्यात वटहुकमाने अशी दुरुस्ती करण्यात आली की, ज्याच्या आईबापांपैकी अथवा आजीआजोबांपैकी कोणी एक केव्हाही शत्रुराष्ट्राचा प्रजाजन असेल, त्याला परकीयांस लागू असलेले निर्बंध लावता यावेत. म्हणजे माणसाने काय केले हा प्रश्नच उरला नाही. त्याचा आजा कोठे जन्मला, एवढ्यावर निकाल. आसाम, दार्जिलिंग इत्यादी भागांतून सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांस धरून, कित्येक दिवसांच्या आगगाडीच्या प्रवासाने, राजस्थानातील देवळी येथील छावणीत नेऊन ठेवले. त्यांत म्हातारे होते, बाळंतिणी होत्या, शाळेत जाणारी मुले होती. ज्यांना चीन हा शब्द केवळ आजीच्या गोष्टींतून ठाऊक होता असे पुष्कळ होते. युद्ध एका महिन्यात संपले. छावणीतील अखेरची माणसे सुटावयास १९६७ साल उजाडले. मागे कित्येकांची घरे व दुकाने लिलावात गेली. मुंबईच्या चिनी कुटुंबांवरही पोलीसठाण्याची पाळत आली, परवानगीवाचून गाव सोडण्याची बंदी आली, आणि पुष्कळ कुटुंबे हा देशच सोडून गेली. शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपासची चिनी वस्ती विरली ती काही आपोआप विरली नाही.

आणि ही देवळी कोणती? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने जयप्रकाश नारायणांसारख्या देशभक्तांना चौकशीवाचून जेथे डांबले, तीच. परक्या सत्तेने आपल्या माणसांसाठी वापरलेली छावणी स्वतंत्र भारताने, स्वातंत्र्यास पुरती १६ वर्षे होण्यापूर्वी, आपल्याच रहिवाशांसाठी उघडली. ज्या समाजाचा कुलदेव निष्ठेचा देव, त्या समाजावर अनिष्ठेचा आरोप आला. आणि तोही आरोपपत्रावाचून, साक्षीवाचून, न्यायाधीशावाचून.

येथे काही आक्षेप घेतले जातील, त्यांचा विचार करणे प्राप्त आहे. पहिला आक्षेप असा की, युद्धाच्या वेळी सरकारला सावध राहावेच लागते. कबूल. एखाद्यावर संशय असेल तर त्याची चौकशी करावी; पुरावा सापडला तर शिक्षाही करावी. परंतु पाळण्यातील मुलावर कोणता संशय होता, हे आक्षेपकांनी सांगावे. सावधगिरी आणि सरसकटपणा यांत जे अंतर आहे, तेच कायद्याचे राज्य आणि दांडगाई यांत आहे.

दुसरा आक्षेप असा की, चीनचे सरकार आपल्याशी कसे वागले व आपल्या प्रजेशी कसे वागते, हे आधी पाहा. आम्ही त्या सरकारचे वकीलपत्र घेतलेले नाही. उलट आमचे म्हणणे हेच की, त्या सरकारच्या कृत्याचा जाब माझगावच्या सुताराकडून मागू नये. आफ्रिकेतील एखाद्या राज्यकर्त्याने तेथील हिंदी व्यापाऱ्यांस हाकलले, म्हणजे आपण संतापतो. १९७२ साली युगांडात तसे घडले तेव्हा आपण संतापलोच होतो. मग तो संताप न्यायाचा होता की केवळ आपल्या माणसांपुरता होता?

तिसरा आक्षेप सर्वांत सभ्य व म्हणूनच सर्वांत घातक आहे: 'जुने झाले ते, आता उकरून काय मिळणार?' अमेरिकेने १९४२ साली जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांस छावण्यांत कोंडले होते. तेही जुने झाले होते. तरी १९८८ साली तेथील विधिमंडळाने कायदा करून देशाच्या वतीने क्षमा मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकास २०,००० डॉलर दिले. त्याने अमेरिकेची अब्रू गेली असे कोणी म्हटलेले आम्ही ऐकले नाही. देवळीच्या छावणीतून सुटून कानडात स्थायिक झालेल्या आपल्या जुन्या रहिवाशांनी संघटना करून भारत सरकारकडे एवढेच मागितले आहे की, जे झाले ते चुकले असे म्हणावे. आजतागायत तसे म्हटले गेलेले नाही. जॉय मा आणि दिलीप डिसोझा यांनी २०२० साली या विषयावर एक पुस्तक इंग्रजीत लिहिले. मराठी वाचकाच्या दिवाणखान्यात त्याची कितीशी चर्चा झाली?

चर्चा होत नाही, कारण चीन म्हटले की आपणास आपले औदार्य आठवते, आपले देणे आठवत नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या ३२ व्या वर्षी तेथेच निवर्तले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर बोलपट काढला. कोटणिसांचा अभिमान प्रत्येक मराठी माणसाने बाळगावा, आम्हीही बाळगतो. परंतु त्यांची पत्नी क्वो छिंगलान ही चिनी होती आणि मुलगा इन्हुआ हा अर्धा चिनी, हे या अभिमानात आपण विसरतो. कल्पना करावी की, डॉक्टर जगले-वाचले असते, कुटुंबासह परत आले असते आणि १९६२ साली मुंबईत असते. वटहुकमाच्या अक्षरांप्रमाणे मुलाची आई शत्रुराष्ट्राची प्रजा ठरली असती. सबब मुलगाही निर्बंधांच्या टापूत आला असता. ज्याच्या बापासाठी आपण डोळे पुसतो, त्याच्याच मुलाला पोलीसठाण्यावर हजेरी लावावयास आपण पाठवले असते. मेलेल्या कोटणिसांवर प्रेम करणे सोपे आहे. जिवंत शेजाऱ्यावर करणे कठीण.

सातव्या शतकात ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला. महाराष्ट्रातील लोक उपकारकर्त्याशी कृतज्ञ असतात, असे त्याने आपल्याविषयी नमूद करून ठेवले आहे. हे प्रशस्तिपत्र आपण भाषणांतून मिरवतो. ज्या सुतारांनी गोदीत हाडे झिजवली, ज्या दंतवैद्यांनी व चर्मकारांनी शहराची पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली, त्यांच्याशी आपण वागलो ते त्या प्रशस्तीस शोभणारे होते काय?

हा सर्व प्रकार १९६२ बरोबर संपला असे समजून कोणी निश्चिंत होऊ नये. २०२० साली साथ आली तेव्हा आपल्याच मणिपूर-नागालँडच्या मुलामुलींस शहरांच्या रस्त्यांवर 'चिनी' म्हणून हिणवले गेले, हे वृत्तपत्रांत आले आहे. त्याच वर्षी सीमेवर चकमक झाली, तेव्हा चिनी पदार्थ विकणारी उपाहारगृहे बंद करावीत असे एका केंद्रीय मंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले. आमच्या नवापुरात संध्याकाळी हातगाडीवर जे 'मंचुरियन' विकले जाते, ते चीनमधील मांचुरियात कोणास ठाऊकही नाही. १९७५ साली मुंबईत नेल्सन वांग या कलकत्त्याहून आलेल्या चिनी वंशाच्या आचाऱ्याने ते प्रथम केले असे सांगतात. आणि गाडीवर ते तळणारा मुलगा आमच्याच तालुक्यातला आहे. बहिष्कार कोणावर पडणार होता, हे उघड आहे.

वाचक म्हणतील, मग काय करावे? मिरवणुकीस जाऊ नये काय? अवश्य जावे, परंतु पाहुण्याने जावे तसे जावे. पाहुणा यजमानाचे नाव विचारतो, देवापुढे पादत्राणे काढतो, हात खाली ठेवतो. चिनी महिना अमावास्येस सुरू होतो आणि त्यांचे नववर्ष बहुधा आपल्या पौषाच्या अथवा माघाच्या अमावास्येच्या सुमारास येते; आपल्यासारखाच तेही अधिक मास धरतात, १९ वर्षांत ७. ज्यांच्या घरी आपल्यासारखेच चंद्रावरून दिवस मोजले जातात, त्यांच्याशी बोलावयास विषयाची वाण पडू नये. आणि मिरवणूक नसेल अशा एखाद्या साध्या दिवशीही एकदा जावे. शेजारधर्म साध्या दिवशी सुरू होतो आणि वाईट दिवशी पारखला जातो. सणाच्या दिवशी त्याची फक्त आरास असते. यापलीकडे, संसदेने देवळीच्या छावणीबद्दल स्पष्ट शब्दांत खेद व्यक्त करावा, आणि ज्या पाठ्यपुस्तकात कोटणीस येतील त्यात देवळीचाही एक परिच्छेद यावा, एवढी मागणी सुशिक्षित मराठी घरांतून निघाली पाहिजे. त्यास पैसा लागत नाही. 'चुकले' हा शब्द उच्चारावयाचे धैर्य मात्र लागते.

परतीच्या गाडीने आम्ही पहाटे नवापुरास उतरलो. पुतण्या सवयीने त्या बाकावर एक पाय महाराष्ट्रात व एक पाय गुजरातेत ठेवून बसला आणि म्हणाला, "काका, ही रेघ बाकावरून गेली म्हणून सगळे हसतात. त्या आजोबांवरून रेघ गेली होती काय?" आम्ही त्याला देवळीची हकीकत तेथेच, सामान खाली ठेवून, सांगितली. मुलाने सारे ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली, "मग आपण तेथे टाळ्या का वाजवल्या?"

त्याला द्यावयाचे उत्तर आम्हाजवळ नव्हते. वाचकांपैकी कोणाजवळ असेल तर त्यांनी ते आपल्या घरच्या मुलांस द्यावे.